७२ तास आणि माझं काउंटर

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. शनिवारची संध्याकाळ होती. वडोद्यात दांडिया बाजारच्या एका गल्लीत आमचं औषधांचं दुकान आहे. तिथे मी चोवीस वर्षं उभी असते, म्हणजे आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांची ब्लडप्रेशरची आणि थायरॉइडची गोळी मला तोंडपाठ आहे. त्या संध्याकाळी एक मुलगी आली. बावीसेक वर्षांची, ओळखीची. तिची आई आणि मी दरवर्षी हळदीकुंकवाला भेटतो. ती काउंटरच्या कडेला उभी राहिली. मागून आलेली तीन गिऱ्हाइकं तिने पुढे जाऊ दिली. चौथे आजोबा इन्सुलिन घेऊन गेल्यावर मी विचारलं, "काय गं, काय हवंय?"

"काकू, घसा दुखतोय. चघळायच्या गोळ्या द्या."

मी दिल्या. "आईला सांग, तिची गोळी आली आहे," असंही वर सांगितलं. ती गेली.

मंगळवारी दुपारी ती परत आली. दुकानात कुणी नव्हतं. चेहरा उतरलेला. शुक्रवारी रात्री कंडोम फाटला होता. शनिवारी ती ज्या गोळीसाठी आली होती, ती माझ्या मागच्याच फडताळात होती. माझा चेहरा आणि त्यापाठोपाठ आईचा चेहरा आठवून तिने घशाच्या गोळ्या घेतल्या. मग तीन दिवस मोबाइलवर वाचून पपई खाल्ली, ओवा-गुळाचा काढा प्याली. मी मनात तास मोजले. सत्याऐंशी झाले होते.

पुढे काय झालं ते शेवटी सांगते. पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. गोळी दुकानात होती, मुलगी दुकानात होती, मीही होते. तरी मधले तीन दिवस वाया गेले. औषध कमी पडलं नाही, ओळख आड आली.

म्हणून युवा विशेषांकासाठी आरोग्यावर लिहा असं मंडळाने सांगितलं, तेव्हा मी हा विषय घेतला. बैठकीत एकजण म्हणाले, "वहिनी, अहो, आपलं मासिक घरातली सगळी वाचतात."

मी म्हटलं, "म्हणूनच."

हेही सांगते की हा विषय मराठी घरांना नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. नोकरी गेली, खटले झाले, तरी थांबले नाहीत. माझ्या आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत त्याचे काही अंक निघाले होते, धोतरांच्या खाली ठेवलेले. म्हणजे वाचत होते, पण लपवून. शंभर वर्षांत आपण तेवढंच पुढे आलो असू, तर कठीण आहे.

ही गोळी आहे तरी काय?

इमर्जन्सी पिल, आय-पिल, ७२ तासांची गोळी, सकाळची गोळी. लोक काहीही म्हणतात. आमच्याकडचे गुजराती गिऱ्हाईक तर नुसतंच "बेन, पेली गोळी आपो ने" म्हणतात आणि मला कळतं. औषधाचं नाव लेव्होनॉरजेस्ट्रेल. रोज घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये जे संप्रेरक असतं त्याच जातीचं, पण एकदम जास्त मात्रेत, १.५ मिलिग्रॅम.

ती काम कसं करते हे समजलं की अर्धे गैरसमज आपोआप जातात. पुरुषाचं बीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. बाईचं बीज मात्र अंडाशयातून बाहेर पडल्यावर साधारण एक दिवसच टिकतं. म्हणून संबंध आणि गर्भधारणा यांच्यामध्ये बऱ्याचदा काही दिवसांची फट असते. ही गोळी त्या फटीत काम करते. ती अंडाशयातून बीज बाहेर पडणंच लांबवते. तोवर पुरुषाच्या बीजाची मुदत संपते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, बीज आधीच बाहेर पडलं असेल तर गोळीचा फारसा उपयोग नाही. बीज नेमकं कधी सुटणार हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून जितकी लवकर घ्याल तितकं बरं. दोन, ही गर्भपाताची गोळी नाही. गर्भ राहिलेला असेल तर ती तो पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही.

घ्यायची कशी?

जमेल तितक्या लवकर. ७२ तास ही बाहेरची हद्द आहे, मुहूर्त नाही. "अजून दोन दिवस आहेत की" म्हणून थांबणारे मी पाहिले आहेत. तसं थांबू नका. पहिल्या दिवशी घेतलेली गोळी तिसऱ्या दिवशीच्या गोळीपेक्षा जास्त भरवशाची. ७२ तासांनंतरही थोडाफार उपयोग होऊ शकतो, पण भरवसा कमी होत जातो.

एकच गोळी, एकदाच, पाण्याबरोबर. पाकिटात ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या असतील तर दोन्ही एकदम घेतल्या तरी चालतात. उपाशीपोटी घेतली तरी चालते, पण मळमळणाऱ्यांनी थोडं खाऊन घ्यावी. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी गेली असं समजा आणि दुसरी घ्या.

भारतात २००५ पासून ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. दुकानदाराला लग्नाचा दाखला, नवऱ्याचं नाव किंवा कारण विचारायचा काही हक्क नाही. मुलगा घ्यायला आला तरी द्यायला हवी. सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडेही ती मिळते.

पाकीट घेताना एवढं नक्की बघा: औषधाचं नाव लेव्होनॉरजेस्ट्रेल आहे ना, मुदत संपलेली नाही ना. हे मुद्दाम सांगते, कारण गर्भपाताच्या औषधांचं 'किट' मिळतं आणि घाबरलेलं माणूस काउंटरवर "ते किट द्या" म्हणतं. त्या किटात मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टोल असतं. ते पूर्ण वेगळं औषध आहे, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही. चुकीचं पाकीट हातात पडलं तर रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकतं.

घेतल्यानंतर काय होतं?

बहुतेकींना काहीच होत नाही. काहींना मळमळ, डोकेदुखी, थकवा, छातीत दुखरेपणा जाणवतो. एक-दोन दिवसांत जातो. मध्येच थोडं रक्त दिसू शकतं. ते बघून "पाळी आली, सुटलो" असं समजू नका, ती पाळी असेलच असं नाही. पुढची पाळी काही दिवस आधी किंवा उशिरा येऊ शकते.

पाळी ठरलेल्या तारखेपेक्षा सात दिवसांहून जास्त लांबली, किंवा नेहमीपेक्षा फारच कमी आली, तर घरीच लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करा. संबंधानंतर तीन आठवड्यांनी केलेल्या टेस्टवर विश्वास ठेवता येतो. गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट करून काही उपयोग नाही. तसं करून रडत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून सांगते. आणि नंतरच्या आठवड्यांत ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, तर वाट न बघता दवाखाना गाठा. क्वचित गर्भ नळीत राहतो आणि ते धोक्याचं असतं.

आणखी एक, जे सगळ्यात जास्त विसरलं जातं. गोळी मागच्या संबंधासाठी असते, पुढच्यासाठी नाही. उलट, बीज सुटणं लांबलेलं असतं, म्हणजे ते नंतरच्या दिवसांत सुटू शकतं. गोळी घेतली म्हणून आता महिनाभर मोकळीक, असं समजलात तर फसाल. पुढच्या पाळीपर्यंत कंडोम वापराच.

कुणाला कमी लागू पडते?

शंभर टक्के खात्रीची ती नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या माहितीप्रमाणे, ही गोळी घेतलेल्या शंभर बायकांमागे साधारण एक ते दोघींना दिवस राहतात.

काहींच्या बाबतीत भरवसा आणखी कमी होतो. क्षयासाठी रिफॅम्पिसिन चालू असेल, किंवा फिटसाठी फेनिटॉइन, कार्बामॅझेपिनसारखी गोळी चालू असेल, तर शरीर ही गोळी लवकर संपवून टाकतं. अशा वेळी डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा दुसरा उपाय सुचवतात. तेव्हा घरात कुणाला टीबीची औषधं चालू आहेत हे लाजून लपवू नका. वजन सत्तर किलोच्या पुढे असेल तरी गोळीचा जोर कमी पडू शकतो.

या सगळ्यांसाठी, आणि ज्यांना उशीर झाला त्यांच्यासाठी, दुसरा उपाय आहे: तांबी, म्हणजे कॉपर टी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर ती गोळीपेक्षा कितीतरी जास्त खात्रीची. ९९ टक्क्यांहून अधिक. वर पुढे कित्येक वर्षं तीच गर्भनिरोधक म्हणून चालते, नको असेल तेव्हा काढता येते. सरकारी दवाखान्यात मोफत बसवतात. मूल न झालेल्या बाईलाही ती बसवता येते. ही गोष्ट चार सुशिक्षित घरांत विचारून बघा, तिघांना माहीत नसेल.

काउंटरवर ऐकलेलं

"काकू, एकदा घेतली तर पुढे मूल होत नाही ना?" होतं. या गोळीने वंध्यत्व येत नाही. लग्नानंतर दिवस राहायला वेळ लागला की काही जणी मनातल्या मनात जुन्या गोळीला दोष देत कुढत बसतात. त्यांच्यासाठी हे ठळक लिहिते आहे.

"बाळ अंगावर पितंय, चालेल का?" चालेल. हा प्रश्न विचारणाऱ्या सगळ्या लग्नाच्या बायका असतात. इतकंच नाही, या गोळीचं माझं निम्मं गिऱ्हाईक मंगळसूत्र घातलेलं असतं. माझं धाकटं आठ महिन्यांचं असताना मी स्वतः रात्री साडेअकराला दुकानाचं शटर अर्धं वर करून ही गोळी घेतली आहे. तेव्हा ही फक्त कॉलेजच्या पोरांची भानगड आहे, असं कुणी समजू नये.

"या महिन्यात तिसऱ्यांदा घेतेय, काही होणार नाही ना?" जीवाला धोका नाही, पण पाळीचं गणित पार बिघडेल आणि वारंवार याच गोळीवर विसंबलात तर कधीतरी दिवस राहतीलच. नावातच इमर्जन्सी आहे. घराला आग लागली तर बंब बोलावतो, पण रोजचा स्वयंपाक बंबाच्या भरवशावर करत नाही. रोजची सोय वेगळी करा. कंडोम, रोजची गोळी, आठवड्याची 'छाया' गोळी, तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन, तांबी. यातलं बरंचसं सरकारी दवाखान्यात मोफत आहे. कुठलं तुमच्या तब्येतीला चालेल हे डॉक्टर सांगतील. आणि लक्षात ठेवा, लैंगिक आजारांपासून यातलं फक्त कंडोमच वाचवतं.

मुलग्यांनो, तुमच्यासाठीही एक. "मी गोळी आणून देतो, तू काळजी करू नको" असं आधीच ठरवून कंडोम टाळणाऱ्याला मी जबाबदार म्हणत नाही. मळमळ तिला होते, तीन आठवडे धाकधूक तिला असते. आणि तिला न सांगता, तिच्या मनाविरुद्ध गोळी देणं तर सरळ अन्याय आहे.

कायद्याचं थोडं

सगळं करूनही दिवस राहिले तर तो जगाचा शेवट नाही. गर्भपाताचा कायदा आपल्याकडे १९७१ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, आणि गर्भनिरोधक निकामी ठरलं हे कारण अविवाहित स्त्रीलाही लागू आहे. बाई सज्ञान असेल तर फक्त तिची संमती लागते, आईवडिलांची किंवा नवऱ्याची नाही. डॉक्टरांना तिचं नाव गुप्त ठेवावं लागतं. जितकं लवकर जाल तितकं सोपं.

अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत डॉक्टरांवर पोलिसांना कळवण्याचं बंधन असतं. पण त्या भीतीने उपचार टाळू नका. मावशी, आत्या, मोठी बहीण, जी विश्वासाची वाटेल तिला सोबत घ्या.

आणि कुणावर जबरदस्ती झाली असेल तर सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार द्यायचे असा कायदा आहे. पोलिसांत तक्रार आधी हवी, अशी अट नाही. त्यात ही गोळी येते, आणि एचआयव्हीपासून बचावाची औषधंही. तीसुद्धा ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात.

आता मोठ्यांसाठी

आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतो. गणपती एकत्र, कोजागिरी एकत्र, लग्नं एकमेकांच्या ओळखीतून. परक्या प्रांतात या ओळखीनेच आपल्याला धरून ठेवलं आहे, हे मी नाकारत नाही. पण तीच ओळख एखाद्या मुलीला नेमक्या गरजेच्या वेळी दुकानाच्या दारातून परत पाठवते. मी त्या शनिवारी काही वाईट बोलले नव्हते. फक्त "आईला सांग" म्हटलं होतं. तेवढं पुरलं.

तुमच्या मुलांनी काय करावं आणि काय करू नये, हे तुमच्या घरात ठरवा. संस्कार द्या, लग्नाआधी थांबा असं म्हणायचं असेल तर म्हणा. पण त्यासोबत माहितीही द्या. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला बँकेचा फॉर्म कसा भरायचा हे शिकवतो, तसं हेही एकदा बसवून सांगा. गरज लग्नानंतर पडेल नाहीतर कधीच पडणार नाही. माहिती शिळी होत नाही.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. मंगळवारी दुपारी मी दुकान नोकरावर सोडून तिला मागच्या खोलीत बसवलं, चहा दिला आणि माझ्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना फोन केला. पाच दिवस अजून पुरे व्हायचे होते. त्याच संध्याकाळी ती मोठ्या बहिणीला घेऊन गेली. बाईंनी सगळं समजावून सांगितलं, तिने विचार करून होकार दिला आणि तांबी बसवली. तीन आठवड्यांनी टेस्ट केली, काही नव्हतं. तिला वेळेत दार सापडलं म्हणून निभावलं. प्रत्येकीला सापडेलच असं नाही. हा लेख मी आधी तिला दाखवला आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. त्यामुळे कुणाची, कुठल्या घरची, हा हिशेब करत बसू नका.

त्या दिवसापासून मी दुकानात एक पद्धत ठेवली आहे. काउंटरच्या कडेला चिठ्ठ्यांचं छोटं पॅड आणि पेन असतं. बोलायचं नसेल तर त्यावर फक्त '७२' लिहून पुढे सरकवा. मी पाकीट कागदी पिशवीत घालून देईन, आत कसं घ्यायचं ते लिहिलेला कागद असेल. आई कशी आहे, हे मी विचारणार नाही. माझ्याकडे यायचंच नसेल तर दोन गल्ल्या सोडून दुसरं दुकान आहे, तिथे जा. मला राग येणार नाही.

फक्त त्याच दिवशी जा.